लाँड्रीच्या भट्टीत भाजलेला पाव

रोमबाईंचं लाँड्रीवाल्याशी सूत जमलंय, ही बातमी गल्लीच्या एका टोकाला शिंपिणीच्या खिडकीत जन्मली आणि दुसऱ्या टोकाला बेकरीपर्यंत पोचेस्तोवर तिला नाक, डोळे, हात, पाय आणि लग्नाची तारीखसुद्धा फुटली होती. कारणही तसंच होतं. बाई साठीला टेकलेल्या, आयुष्यभर एकट्या. लाँड्रीवाला विधुर, मिशीला अजून नेमानं रंग लावणारा. आणि बाई रोज उजाडता उजाडता, फडक्यानं झाकलेला ट्रे घेऊन, मागच्या दारानं लाँड्रीत शिरायच्या. बऱ्याच वेळानं बाहेर यायच्या त्या लालबुंद चेहऱ्यानं, केस विस्कटलेले, आणि गालावर काळा डाग. हा डाग शिंपिणीनं दोनदा पाहिला होता. लाँड्रीवाल्याच्या मिशीचा रंगही काळाच. आता माणसानं समजायचं तरी काय?

तर ते तसं नव्हतं. डाग राखेचा होता. ट्रेमध्ये मळलेल्या पिठाचे गोळे होते. आणि ज्या पुरुषापायी बाई झोपमोड करून घेत होत्या, तो मरून चौदाशे वर्षं उलटून गेली होती. हा खुलासा झाल्यावर गल्ली हिरमुसली. लाँड्रीवालाही थोडा हिरमुसला म्हणतात, पण ते राहू दे.

रोमबाई हे नाव गल्लीनंच ठेवलेलं. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक, आणि तोही जिन्याखालून "रोमबाई, पार्सल!" असंच ओरडतो. कॉलेजात त्यांनी पंचवीसेक वर्षं ग्रीस आणि रोम शिकवलं, आणि त्याहूनही जीव लावून शिकवलं ते त्यानंतरचं, बायझंटाइन म्हणतात ते राज्य. ते काय असतं असं कोणी विचारलं की बाई म्हणतात, "दुकान पूर्वेला हलवलं, पाटी तीच ठेवली." म्हणजे पश्चिमेला रोम कोसळलं, पण पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये तोच कारभार आणखी हजारएक वर्षं चालला. लोक ग्रीक बोलायचे आणि स्वतःला रोमनच म्हणवायचे.

बाईंची बोलायची तऱ्हा अशी की ही सगळी मंडळी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत असावीत. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "काय माणूस! बायकोला विचारल्याशिवाय एक हुकूम काढत नाही." बोलत होत्या एका सम्राटाबद्दल. भाजीवालीला वाटलं नगराध्यक्षाबद्दल. तिनं ते दुपारपर्यंत सगळ्या बाजारात पोचवलं, आणि गंमत म्हणजे बाजारात एकालाही आश्चर्य वाटलं नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं ते वडिलांमुळे. वडील प्लंबर. पाने, पकडी आणि गळके नळ यांतच त्यांचा जन्म गेला. बाई शाळेत असताना त्यांनी एका जुन्या मासिकात शिशाच्या रोमन नळाचा फोटो पाहिला आणि तो वडिलांपुढे धरला. वडिलांनी चष्मा नाकावर सरकवून आधी सांधा तपासला, मग नळावर उठवलेली अक्षरं.

"हे काय लिहिलंय?"

"नाव आहे, बाबा. नळ कोणाचा, कोणी केला, त्याचं नाव."

"शहाणी माणसं," वडील म्हणाले. "गळायला लागला की कोणाच्या नावानं ओरडायचं, ते आधीच ठरवून ठेवलंय."

त्या दिवसापासून पोरगी रोमची झाली. एका निवृत्त मास्तरांकडे ती लॅटिन शिकायला जाऊ लागली, मग ग्रीक. मास्तरांचं घर जुनं, नळ त्याहून जुने. वडील ते दुरुस्त करत राहिले आणि मास्तर शिकवत राहिले. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या घरात थेंबभर पाणी गळत नव्हतं आणि पोरगी डिक्शनरी न उघडता ग्रीक वाचत होती.

आता ताईबद्दल. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. यजमान वारल्यावर ती धाकटीकडे राहायला आली ती स्वतःचं जेवणाचं टेबल घेऊनच. सहा खुर्च्यांचं, जड लाकडाचं, जिन्यातून वर आणताना भिंतीचा एक टवका घेऊन आलेलं. त्या टेबलावर ताई सुरुवातीचा आठवडाभर जेवली असेल, तेवढीच. मग एका कोपऱ्यात बाईंचे काही कागद आले. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग पुस्तकं आली, नकाशे आले, आणि दोघी बहिणी सोफ्यावर बसून मांडीवर ताटली घेऊन जेवायला लागल्या. हे कैक वर्षं चाललं.

"साम्राज्यं पसरतात ती अशीच," ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "आधी गोड बोलून एक कोपरा मागतात."

टेबलावर जे वाढत होतं ते बाईंचं पुस्तक. विषय होता चुगल्या. म्हणजे बाईंच्या भाषेत त्याला भारदस्त नाव आहे, पण मतलब तोच: बायझंटाइन दरबारातल्या लेखकांनी ज्यांच्या ज्यांच्याबद्दल वाईटसाईट लिहून ठेवलंय, त्यातलं खरं किती आणि पोटदुखी किती. गल्लीत राहून बाईंना हा विषय सुचला नसता तरच नवल.

आणि पुस्तकाचा जीव होता एका मंत्र्यात.

गोष्ट सहाव्या शतकातली. सम्राटानं आफ्रिकेवर आरमार पाठवलं. समुद्रावर जाणाऱ्या सैनिकांचा पाव दोनदा भाजायचा असतो. एकदा नेहमीसारखा, आणि मग पुन्हा, आतलं पाणी उडून त्याची वीट होईपर्यंत. असा पाव फार दिवस टिकतो. पण दोनदा भाजायचं म्हणजे लाकूड जास्त, मजुरी जास्त, आणि पाणी उडालं की वजन घटतं ते निराळंच. खजिन्याचा मंत्री होता महाचिक्कू. त्यानं म्हणे कच्चं पीठ उचलून सार्वजनिक हमामखान्याच्या तळघरात नेलं. न्हाण्याच्या पाण्याखाली तिथे आग जळतच असते, तर तिथेच ठेवा म्हणाला. गोळे वरून भाजल्यासारखे दिसले, तशी पोती भरून जहाजांवर चढवली. वाटेतल्या एका बंदरात पोती उघडली, तर पावाचा भुगा झालेला, बुरशी, आणि नाक धरायला लावणारा वास. सैनिकांनी तेच खाल्लं आणि पाचशेच्या वर माणसं दगावली.

हे लिहून ठेवणारा लेखक स्वतः त्या मोहिमेवर होता. बाईंचं म्हणणं असं की बंदरातला कुजका पाव त्यानं पाहिला असेल, पण राजधानीतल्या तळघरात तो कधी उतरला होता? त्याचा मंत्र्यावर दात होता, हे तर पानोपानी दिसतं. पाव सडला असेल समुद्राच्या दमट हवेनं. हमामखान्याचा भाग मागाहून चिकटवलेला, आणि तिथे भाजला असता तरी पाव टिकलाच असता. बाईंनी हे इतकी वर्षं वर्गात शिकवलं, परिषदांत वाचलं, आणि त्यापायी एका नावाजलेल्या विद्वानाशी पत्रांतून कडाक्याचं भांडण केलं. हळूहळू तो मंत्री त्यांच्या घरातलाच झाला होता. चार लोकांनी उगाच बदनाम केलेला एखादा भाऊ असावा, तसं त्या त्याच्याबद्दल बोलायच्या.

"चिक्कू होता, मान्य," त्या म्हणायच्या. "पण चिक्कू असणं वेगळं आणि माणसं मारणं वेगळं."

"दिसायला कसा होता?" ताई विचारायची.

"त्याचं कोणी लिहिलेलं नाही."

"मग नसेलच बरा," असं म्हणून ताई ताटली उचलायची.

तर पुस्तक संपलं. छापखान्यातून प्रुफं आली. प्रकाशक हा घाईचा माणूस. बोलतानासुद्धा अर्ध्या वाक्यात घड्याळ बघणारा. उन्हाळा संपायच्या आत प्रुफं परत हवीत, असं त्यानं बजावलं. ताईनं टेबलावर घालायला नवा कपडा आणून ठेवला. बाई लाल पेन्सिल घेऊन बसल्या आणि मंत्र्याच्या प्रकरणात एका वाक्यापाशी थबकल्या.

"हमामखान्याच्या भट्टीत टिकाऊ पाव भाजता येतो, हे निःसंशय आहे."

आता हा शब्द म्हणजे बाईंचा जन्माचा वैरी. कोण्या विद्यार्थ्यानं पेपरात "निःसंशय" लिहिलं की त्या त्याला उभं करायच्या. "कोणाला संशय नाही? तुला, की पुराव्याला?" पोरं पुढे पुढे इतकी धास्तावली होती की आज कोणता वार आहे हेसुद्धा "बहुधा मंगळवार" असं सांगायची. आणि इथे, त्यांच्याच पुस्तकात, त्यांच्याच हातचं ते निःसंशय ऐसपैस पाय पसरून बसलं होतं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. हमामखान्याच्या भट्टीत पाव भाजलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. तसं पाहिलं तर त्यांनी घरच्या चुलीवरही पाव भाजलेला नव्हता. ते खातं ताईचं. पण एवढ्यावरून पुस्तक अडवायचं? त्या दोन दिवस घरात येरझारा घालत राहिल्या. मग उठल्या आणि बेकरीत गेल्या.

बेकरीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मंत्री, सम्राट, पाचशे सैनिक, सगळं. शेवटी म्हणाला, "यात अवघड काय आहे, बाई? भट्टी ती भट्टी. ऊब लागली की पीठ आपोआप शहाणं होतं. तुमचा माणूस सुटला समजा."

"किती दिवस टिकेल?"

"टिकणार म्हणजे? माझ्याकडचा पाव दुसऱ्या दिवसापर्यंत उरला तर मला झोप लागत नाही. पण टिकेल हो, न टिकायला काय झालं?"

आता हमामखाना आणायचा कुठून? गल्लीत पाण्याखाली लाकडं जळतात अशी जागा एकच, लाँड्री. खाली विटांची भट्टी, वर तांब्याची एवढी मोठी कढई, आणि तिच्यात हॉस्पिटलच्या चादरी उकळत पडलेल्या. लाँड्रीवाल्यानं मिशीवरून हात फिरवला.

"माझी भट्टी सम्राटाच्या तोडीची आहे, बाई. बिनधास्त ठेवा."

"पण तो हमामखाना होता. माणसांच्या न्हाण्याचा."

"अहो, वर चादरी उकळतायत की माणसं, खाली पावाला काय कळतंय?"

हा मुद्दा बाईंना बिनतोड वाटला. त्यांनी बेत आखला तो अगदी कोर्टातल्यासारखा. एकाच पिठाचे दोन वाटे. एक वाटा बेकरीच्या भट्टीत रीतसर दोनदा भाजायचा. दुसरा लाँड्रीच्या भट्टीत, कढईखालच्या कोनाड्यात, वरून भाजल्यासारखा दिसेपर्यंत. मग दोन्ही दोन पोत्यांत भरून एकाच दमट जागी टांगायचे, आरमार समुद्रावर होतं साधारण तितके आठवडे. दोन्ही सडले, तर दोष समुद्राचा आणि मंत्री निर्दोष. दोन्ही टिकले, तरी हमामखान्याला बोल लावता येणार नाही, मंत्री निर्दोष. तिसरी गत बाईंनी धरलीच नव्हती. धरली होती म्हणा, पण मनातल्या मागच्या खोलीत आणि दाराला कडी घालून.

पहिला घाणा फुकट गेला. लाँड्रीतल्या गड्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं नेहमीसारखी राख ओढली आणि राखेबरोबर बाईंचा पावही ओढून उकिरड्यावर टाकला. दुसऱ्या घाण्याला पाव शाबूत राहिला, पण त्याचा वास वर चादरींना लागला. त्या चादरी गेल्या हॉस्पिटलात. दुपारपर्यंत पथ्यावर ठेवलेला अख्खा वॉर्ड भूक लागली म्हणून बोंबलायला लागला. मेट्रन तणतणत लाँड्रीत आली.

"चादरीला पावाचा वास कशामुळे येतोय?"

"नवीन साबण आहे," लाँड्रीवाला म्हणाला. डोळ्याची पापणी लवली नाही.

तिसरा, चौथा असे घाणे होत गेले. शिंपिणीनं जे पाहिलं ते याच दिवसांतलं. शेवटी दोन पोती भरली. दमट जागा म्हणून बाईंनी घरातलं न्हाणीघर निवडलं. मोरीच्या वर दोन खुंट्या ठोकल्या, पोती टांगली, आणि समुद्र म्हणून सकाळ-संध्याकाळ मिठाचं पाणी शिंपडायला सुरुवात केली.

"टेबल घेतलंस," ताई दारात उभी राहून म्हणाली. "आता न्हाणीघर. पुढची स्वारी माझ्या पलंगावर का?"

"थोडेच दिवस, ताई."

"अगं, अंघोळ करताना वर बघवत नाही. दोन माणसं फाशी दिल्यासारखी दिसतात."

"एक जण सुटणार आहे त्यातला," बाई म्हणाल्या.

गल्लीत पैजा लागल्या. बेकरीवाला बाईंच्या बाजूनं. लाँड्रीवाला तर त्याहून बाईंच्या बाजूनं, कारण त्याच्या भट्टीच्या अब्रूचा प्रश्न होता. शिंपीण एकटी विरुद्ध. तिचं म्हणणं, इतक्या वर्षांपूर्वीच्या माणसानं मुद्दाम लिहून ठेवलंय म्हणजे काहीतरी असणारच. आपल्याच धंद्यातल्या माणसाची ती बाजू घेतेय, असं लोक म्हणाले. ज्यांना आरमार कशाशी खातात हे माहीत नव्हतं ते रोज जिन्यात गाठून विचारायला लागले, "काय बाई, कुठवर पोचली जहाजं?" आणि बाई गंभीरपणे सांगायच्या, "वारा पडलाय. अजून बंदर दिसत नाही."

पण रात्री दिवा मालवला की बाई अंथरुणात उठून बसायच्या. मंत्र्याचं प्रकरण म्हणजे पुस्तकाचा कणा. ते ढासळलं तर मुळापासून नव्यानं लिहायचं. या वयात. आणि त्या नावाजलेल्या विद्वानाला पत्र लिहायचं ते वेगळंच.

पोती उघडायचा दिवस आला. प्रकाशकही त्याच दिवशी प्रुफं न्यायला टपकला. बेकरीवाला पीठभरल्या हातांनीच आला, लाँड्रीवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला, शिंपीण बोलावल्याशिवाय आली. टेबलावरचे कागद एका बाजूला सारून ताईनं जुनी चादर अंथरली.

आधी बेकरीचं पोतं. बाईंनी गाठ सोडली आणि एक पाव काढून टेबलावर आपटला. ठक्क! टेबलाला खोक पडली, पावाला नाही. पाव कोरडा, विटेसारखा, बुरशीचा ठिपका नाही. तो टिकला म्हणजे न्हाणीघराच्या दमटपणानं पाव सडत नाही, एवढं पक्कं झालं. समुद्राची साक्ष गेली.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दुसऱ्या पोत्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी ताईनं पुढे होऊन गाठ सोडली, आणि पोतं उघडलं.

पहिल्यांदा वास आला. शिंपीण दोन पावलं मागे सरकली. आतून निघाला तो पाव नव्हताच. भुगा होता, गोळे होते, हिरवी-करडी लव धरलेले. हात लावला की सांडत होतं. लाँड्रीवाल्याचा चेहरा पडला.

"माझ्या भट्टीचा दोष नाही हं," तो घाईघाईनं म्हणाला. "भट्टी चादरींसाठी आहे."

"आपण बोललोच नव्हतो टिकेल म्हणून," बेकरीवाल्यानं छताकडे बघत सांगितलं.

"बोलला होतास," शिंपीण म्हणाली. "सगळ्या गल्लीनं ऐकलंय."

ताईनं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. आता ही रडणार, असं सगळ्यांना वाटलं. बाईंनी मात्र तो भुगा ओंजळीत घेतला, नाकापाशी नेला, आणि डोळे मिटले. ते ग्रीक वाक्य त्यांनी शेकडो वेळा वाचलं होतं, शिकवलं होतं, खोटं ठरवलं होतं. आज पहिल्यांदा त्याचा वास आला. पीठ पुन्हा पीठ झालं, कुजलं, घाण सुटली, असं तो लेखक लिहून गेला होता. तंतोतंत. शब्दाला शब्द.

"ताई!" त्या ओरडल्याच. "हाच वास! अगं, हाच!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या, डोळ्यांना पाणी आलं, तरी हसणं थांबेना. "मी त्याला खोटारडा म्हटलं, ताई. इतकी वर्षं. आणि हा गृहस्थ खरं सांगत होता! मंत्र्यावर दात होता, जळत होता, सगळं कबूल, पण पावाबद्दल खरं सांगत होता!"

लाँड्रीवाल्याला काही कळलं नाही, पण बाई हसतायत म्हणून तोही हसला. मग सगळेच हसले. एकटा प्रकाशक घड्याळ बघत होता.

"म्हणजे पाप मंत्र्याचंच ना?" शिंपिणीनं विजयी मुद्रेनं विचारलं.

"तसंही नाही म्हणता येत," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "हमामखान्यात भाजला तर पाव असा होतो, एवढं दिसलं. त्यानं तो तिथेच भाजला, हे कोणी पाहिलंय? पण मी त्याला ज्या कारणानं सोडवलं होतं, ते कारण आता या पोत्यात आहे."

प्रकाशक खाकरला. "बाई, स्पष्ट बोलतो. हे या खोलीबाहेर जायचं कारण नाही. मंत्री काही कोर्टात जाणार नाही, लेखक काही तक्रार करणार नाही. छापून टाकू आहे तसं. कोणाला कळणार आहे?"

खोलीत शिंपीण बसली असताना हा प्रश्न विचारणारा माणूस निदान या गल्लीतला नव्हता, हे उघड झालं. पण बाईंनी ते कारण पुढे केलं नाही. त्यांनी प्रुफांतून मंत्र्याचं प्रकरण वेगळं काढलं, त्याच्या पहिल्या पानावर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली, आणि उरलेला गठ्ठा प्रकाशकाच्या हातात दिला.

"हे घेऊन जा. मंत्र्याचं प्रकरण नव्यानं लिहून देते."

"किती दिवस?"

बाईंनी उत्तर देण्याआधी ताईकडे पाहिलं. नवा टेबलक्लॉथ अजून कपाटात घडी घालून ठेवलेला होता. ताईनं एक मोठा सुस्कारा टाकला, पोत्यातला तो भुगा केरसुणीनं सुपलीत भरला आणि म्हणाली, "लिही बाई, लिही. मांडीवर ताटली घ्यायची आता सवयच झालीय. टेबलावर जेवले तर घास उतरायचा नाही." मग प्रकाशकाकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही घड्याळ बघू नका हो. चौदाशे वर्षं थांबलंय ते, अजून चार महिने थांबेल."

ते चार महिने बाईंनी जे काम केलं तसं त्यांना तरुणपणीही जमलं नव्हतं, असं ताईच सांगते. सकाळी लवकर उठून बसायच्या, आणि शीळ घालत लिहायच्या. साठीची बाई शीळ घालते, हा गल्लीला नवा विषय झाला. त्या विद्वानाला पत्रही गेलं: "तुमचं बरोबर निघालं. कारण मात्र तुम्ही दिलं होतं ते नव्हे. खरं कारण खाली लिहिलं आहे." त्याचं उत्तर आलं ते इतकं प्रेमळ होतं की बाईंना थोडी चुटपुट लागली, भांडायला एक चांगला माणूस कमी झाला. नव्या प्रकरणात लाँड्री होती, बेकरी होती, मेट्रनसुद्धा होती. चुगलखोर माणूसही अधूनमधून खरं बोलतो, आणि त्याचं खरं कोणतं आणि पोटदुखी कोणती हे ओळखायला त्याच्यावर रागावून चालत नाही, असं काहीसं बाईंनी त्यात लिहिलंय. गल्लीनं तो भाग स्वतःच्या गौरवाचा म्हणून वाचला.

पुस्तक आलं तेव्हा वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटासा समारंभ झाला. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडकीत बसले. बेकरीवाल्यानं दोनदा भाजलेला सैनिकी पाव टोपलीभर आणला होता. तो चहात बुडवून खायचा होता, पण हे सांगायच्या आतच पुढच्या रांगेतल्या दोघांनी चावून बघितला आणि मग बराच वेळ गाल धरून बसले. लाँड्रीवाला आल्या-गेल्याला पान उघडून दाखवत होता, "ही माझी भट्टी. छापून आलीय." त्यात तिची नालस्ती आहे, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

बाई पंधरा-वीस मिनिटं बोलल्या. मंत्र्याच्या बाजूचं सगळं सांगितलं, विरुद्धचं सगळं सांगितलं, स्वतः कुठे घसरल्या तेही सांगितलं, आणि ते सांगताना इतक्या खुशीत होत्या की जणू बक्षीसच मिळालंय.

मग मागून एक गृहस्थ उठले. कोट, टाय, छातीपाशी दोन पेनं. बाईंचा जुना विद्यार्थी, आता एका मोठ्या शाळेचा हेडमास्तर झालेला. कॉलेजात मंत्र्याच्या निर्दोषपणावर त्यानं असा काही पेपर लिहिला होता की बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. त्यावर मिळालेल्या पहिल्या नंबराच्या जोरावर तो नोकरीला लागला होता, आणि ही गोष्ट तो लग्नाच्या बोलण्यांतही सांगायचा.

"बाई, तुम्ही शिकवलंत तसंच आम्ही लिहिलं," तो म्हणाला. "मी तर त्याच उत्तरावर पहिला आलो. आणि आज तुम्ही सगळ्यांसमोर सांगताय की ते उत्तरच चुकीचं होतं. मग आमच्या मार्कांचं आता काय करायचं?"

हेडमास्तर खरंच कासावीस झाला होता, त्यामुळे कोणी हसायला धजेना. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि त्याच्याकडे अगदी मायेनं बघत म्हणाल्या,

"तुझे मार्क तुझ्याकडेच राहू देत. त्या वर्षी पेपर तपासणारी नापास झालीय, लिहिणारा नाही."